कडेला उभा केलेला टेनर

मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक नेहा हिचा फोन आला. "शैलाकाकू, यंदा तुमचा ऑपेरातला एक्सपीरियन्स लिहा ना. लाइट असं काहीतरी, गमतीजमती." मी हो म्हणाले. गमतीजमती माझ्याकडे भरपूर आहेत. पण या मे महिन्यात जे झालं त्यानंतर माझं डोकं अजून थंड झालेलं नाही, त्यामुळे लेख लाइट होणार नाही. ज्यांना चकलीबरोबर हलकंफुलकं वाचायचं असेल त्यांनी पुढचं पान उघडावं. तिथे केकच्या रेसिपी असतील.

मी आयुष्यभर रिहर्सल पियानिस्ट होते. मंडळात हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे कार्यक्रमात तुम्ही वाजवता?" नाही. कार्यक्रमाच्या दिवशी माझं काम संपलेलं असतं. ऑपेरा हा आपल्या संगीत नाटकाचा लांबचा नातेवाईक. फरक एवढाच की त्यात कुणी बोलत नाही. भांडण, लग्न, खून, मरण, सगळं गाऊन होतं आणि तेही माइकशिवाय, पन्नाससाठ वाद्यांच्या आवाजावरून. ती वाद्यं शेवटच्या काही दिवसांतच येतात. तोपर्यंत व्हायोलिनं, बासऱ्या, तुताऱ्या, नगारे, सगळं एका पियानोवर आणि दहा बोटांत. गैरहजर गायकाच्या ओळी मी गायच्या, चुकलेल्याला हळूच सूर द्यायचा, दिग्दर्शक खुर्च्या हलवत बसला तर तेच चार स्वर पुन्हा पुन्हा वाजवायचे. कोण कुठे श्वास घेतो आणि कुठल्या स्वराला घाबरतो, हे वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरच्याही आधी मला कळायचं.

विक्षिप्त माणसं ढीगभर पाहिली. मधल्या पट्टीत गाणारा एक बॅरिटोन होता, खोलीत कुणी संत्रं सोललं की त्याचा आवाज बसायचा. एक बासगायक होता, पहाडासारखा. दर प्रयोगात दुसऱ्या अंकात मरायचा आणि मरायची पाळी येईपर्यंत कोपऱ्यात बसून लोकर विणायचा. माझ्या मुलीची पहिली कानटोपी त्याने विणलेली. एक कंडक्टर दोन सीझन मला "पियानो" अशीच हाक मारत असे. "पियानो, पुन्हा." "पियानो, सावकाश." एकदा मी हात मांडीवर ठेवून म्हणाले, "पियानोला चहा हवाय." त्यानंतर तो मला मिसेस म्हणू लागला. आडनाव त्याला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही.

मी पुण्यात कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये पियानो शिकले. लग्न करून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सुरेशबरोबर इथे, शिकागोबाहेरच्या शॉमबर्गला आले. तेव्हा इथे मॉलच्या पलीकडे मक्याची शेतं होती. सुरेश ऑफिसला गेला की घरात करायला काही नसे. जवळच्या चर्चच्या तळघरात एक पियानो होता, तिथल्या बाईंनी मला तो वाजवू दिला. मग एके दिवशी त्यांनीच सांगितलं की वायव्येला, गाडीने तास-दीड तासावर, एका शहरात ऑपेरा कंपनी आहे आणि त्यांना पियानिस्ट हवी आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. ते लिहिलं तर लोक म्हणतील, ती एकच कंपनी तशी होती. तसं नव्हतं.

त्या कंपनीत मला वॉल्टर भेटला.

वॉल्टर टेनर होता. टेनर म्हणजे पुरुषाचा सर्वात उंच पट्टीतला आवाज. ऑपेरातला प्रियकर बहुतेक वेळा टेनरच असतो. वॉल्टर शिकागोच्या दक्षिण भागातला. वडील पोलादाच्या कारखान्यात, आई चर्चच्या गायनवृंदात. तो आर्मीच्या कोरसमध्ये गायला, मग संगीत शिकला, आणि मग त्या काळी कृष्णवर्णीय गायक जे करत तेच त्याने केलं. तो जर्मनीला गेला. तिथल्या लहान लहान शहरांतल्या थिएटरांत त्याने वर्षानुवर्षं नायकाच्या भूमिका केल्या. प्रियकर झाला, राजपुत्र झाला, सैनिक झाला. लोक त्याच्यासाठी तिकिटं काढत. मग वडील आजारी पडले म्हणून तो परत आला आणि आमच्या कंपनीने त्याला कव्हर म्हणून घेतलं.

कव्हर म्हणजे राखीव गायक. संपूर्ण भूमिका पाठ करायची, कुठे चालायचं, कुठे वळायचं, कुठे गुडघ्यावर बसायचं ते शिकायचं, प्रयोगाच्या दिवशी मागच्या खोलीत तयार बसायचं आणि मुख्य गायक आजारी पडला नाही की घरी जायचं. मुख्य गायक सहसा आजारी पडत नाही. पडला तरी सांगत नाही.

मी गाडी शिकलेली नव्हते. वॉल्टरचा रस्ता आमच्या गावावरून जायचा, म्हणून तो मला घ्यायला यायचा. फ्रीवेला लागलो की तो आवाज तापवायला सुरुवात करायचा. खालून सुरू करून एकेक पायरी वर. पुष्कळ टेनरांचा आवाज वर जाताना बारीक होतो, ओढल्यासारखा होतो. वॉल्टरचा वर गेला की उजळायचा. गाडीच्या काचा थरथरायच्या आणि मी हसायचे. तो म्हणायचा, "मिस शैला, हसू नका, पुढचा स्वर चुकेल." चुकायचा नाही.

आता आपल्या माणसांविषयी लिहिते, कारण हा आपल्या माणसांचा अंक आहे. मी वॉल्टरच्या गाडीतून जाते हे कळल्यावर मंडळातल्या एका काकूंनी सुरेशला बाजूला घेऊन विचारलं, "काळ्या माणसाबरोबर एवढ्या लांब एकटी पाठवता तिला?" सुरेश म्हणाला, "ती जाते. मी पाठवत नाही." पुढच्या वर्षी मी कमिटीला सुचवलं की गणपतीच्या कार्यक्रमात वॉल्टरला गायला बोलवू. त्याला आपलं संगीत ऐकायचं होतं, आपलं जेवायचं होतं, आणि तो फुकट गायला तयार होता. तेव्हाचे अध्यक्ष डॉक्टर होते, आम्हा सगळ्यांना मोठ्या भावासारखे. ते म्हणाले, "शैलाताई, आर्टिस्ट चांगला असेल, प्रश्न तो नाही. पण फॅमिलीज येतात, लहान मुलं असतात. लोकांना ऑकवर्ड होईल."

"कुठल्या लोकांना?" मी विचारलं.

"आता तुम्ही आर्ग्युमेंट करू नका," ते म्हणाले.

त्या वर्षी गणपतीत एका काकांनी हार्मोनियमवर तीन तास सगळ्यांना छळलं. त्याने कुणालाही ऑकवर्ड झालं नाही.

त्यानंतरच्या वसंतातली गोष्ट. इटालियन ऑपेरा होता, एका गरीब तरुणाच्या प्रेमाचा. मुख्य टेनर युरोपातून बोलावलेला पाहुणा. वॉल्टर कव्हर. ही भूमिका वॉल्टरने जर्मनीत इतक्या वेळा केली होती की रिहर्सलमध्ये तो पाहुणाच त्याला विचारायचा, इथे श्वास कुठे घेऊ. रविवारी दुपारचा प्रयोग होता. सकाळी पाहुण्याला ताप भरला आणि त्याचा आवाज पार बंद झाला. वॉल्टरला फोन गेला. त्याने मला घरून घेतलं, कारण त्याला शेवटच्या अंकातले काही तुकडे पियानोवर एकदा करून बघायचे होते. गाडीत तो गायला नाही. नुसता हसत होता. म्हणाला, "डोरथीला सांगितलंय, चर्चमधून थेट ये." डोरथी त्याची बायको, शाळेत शिक्षिका.

आम्ही पोचलो तेव्हा कपडेपटातल्या बाईंनी नायकाचा कोट बाहेर काढून ठेवला होता. वॉल्टरच्या मापाने तो आधीच सैल करून ठेवलेला. वॉल्टरने तो अंगात घातला, आरशासमोर उभा राहिला आणि बटणं लावली. तेवढ्यात कंपनीचा डायरेक्टर आत आला.

"वॉल्टर, थँक गॉड तू आलास," तो म्हणाला. "असं करू या. तू कडेला उभा राहून गा. स्टँड ठेवतो, दिवा ठेवतो. स्टेजवर टिम चालेल." टिम हा सहायक दिग्दर्शक. कुठे उभं राहायचं ते त्याला माहीत होतं. गाता त्याला वाढदिवसाचं गाणंही येत नसे.

गायक आजारी असताना ही तडजोड ऑपेरात कधी कधी करतात, हे खरं आहे. जेव्हा ऐनवेळी आणलेल्या गायकाला स्टेजवरच्या हालचाली माहीत नसतात, तेव्हा करतात.

वॉल्टर म्हणाला, "मला स्टेजिंग पाठ आहे."

"आय नो."

"कोट मला होतो. घातलाय मी."

"दिसतंय मला. वॉल्टर, तू समजूतदार आहेस. ही लव्ह स्टोरी आहे. रविवारी दुपारी आपल्याकडे म्हातारे लोक येतात. लोकांना जड जाईल."

पुन्हा तेच लोक. मंडळातही तेच आणि इथेही तेच, आणि कधी पुढे येऊन आपलं नाव सांगत नाहीत.

मी म्हणाले, "टिम माशासारखं नुसतं तोंड उघडणार. लोक हसतील."

डायरेक्टर माझ्याकडे वळला. "शैला, तुम्ही इंडियन माणसं प्रॅक्टिकल असता. जरा समजव याला. तुझं ऐकतो तो."

त्याने मला हे काम दिलं याचा मला आजही संताप येतो. मी त्यांच्यातली नाही आणि वॉल्टरच्यातलीही नाही, म्हणून मी मधे उभी राहून निरोप्याचं काम करावं. मी म्हणाले, "मी नाही सांगणार. ही भूमिका याने तुमच्या पाहुण्याला शिकवली आहे. याला स्टेजवर पाठवा."

"मग प्रयोग रद्द करावा लागेल," डायरेक्टर म्हणाला, "आणि कोरस, वादक, सगळे घरी जातील. ठरवा."

कपडेपटातल्या बाई भिंतीकडे तोंड करून सुया लावत बसल्या. वॉल्टरने बटणं उलट्या क्रमाने, सावकाश सोडली. कोट हँगरला लावला, खांदे सरळ केले. मग आपला काळा सूट चढवला, जो घालून तो आला होता. मला म्हणाला, "मिस शैला, शेवटच्या अंकातला तुकडा वाजवता?" मी वाजवला. मी दोनदा चुकले. तो चुकला नाही.

पडदा उघडण्याआधी जाहीर झालं की अमुक यांची प्रकृती बरी नसल्यामुळे नायकाची भूमिका कडेला उभं राहून गायली जाईल. मी मागच्या रांगेत डोरथीशेजारी बसले. तिने चर्चची टोपी मांडीवर ठेवली होती. तिने मला विचारलं, "तो कुठे आहे?" मी बोट दाखवलं. डाव्या कोपऱ्यात, पडद्याच्या घडीपाशी एक स्टँड, एक छोटा दिवा आणि वॉल्टर.

टिम मधे, नायकाच्या कोटात, तोंड उघडत मिटत होता. पहिला अंक संपेपर्यंत लोक त्याच्याकडे बघत होते. दुसऱ्या अंकात माना वळू लागल्या. ज्यांना म्हणे जड जाणार होतं त्या पांढऱ्या केसांच्या बायका आपापल्या दुर्बिणी डाव्या कोपऱ्याकडे वळवून बसल्या. आवाज जिथून येतो तिकडेच माणूस बघणार.

शेवटच्या अंकात नायक-नायिकेचं दीर्घ द्वंद्वगीत आहे. नायिका होती पूर्व युरोपातून आलेली आना नावाची सोप्रानो, म्हणजे बायकांतल्या सर्वात उंच पट्टीत गाणारी. गाण्याच्या मध्यात ती टिमच्या मिठीतून बाहेर पडली, सरळ स्टेज ओलांडून डाव्या कोपऱ्यात गेली आणि वॉल्टरचा हात धरून त्याला दिव्यांच्या उजेडात घेऊन आली. असं काही ठरलं नव्हतं. टिम क्षणभर थांबला आणि स्वतःहून आत निघून गेला. शहाणा मुलगा. उरलेलं सगळं वॉल्टर स्टेजच्या मधोमध गायला, साध्या सुटात. तिच्याजवळ गेला, गुडघ्यावर बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. सगळं जिथल्या तिथे, कारण सगळं त्याला पाठ होतं. डोरथी रडली नाही. ती पुढे झुकून बसली होती, मूल पहिल्यांदा सायकल चालवत असताना आई झुकते तशी.

लोक उभे राहिले, खूप वेळ टाळ्या झाल्या. इथे संपवलं तर गोड गोष्ट होईल. अशाच प्रकारे ती पुढे सगळीकडे सांगितली गेली, म्हणून मी इथे संपवत नाही.

त्या आठवड्यात पेपरात परीक्षण आलं. त्यात आनाच्या मनाच्या मोठेपणावर मोठा परिच्छेद होता. वॉल्टरविषयी एवढंच, की त्याने भरवशाचं गायन केलं. पाहुणा बरा होऊन पुढचा प्रयोग गायला. सीझन संपल्यावर डायरेक्टरने वॉल्टरला बोलावून सांगितलं की कव्हरची व्यवस्था आम्ही बदलतोय. माझं कामही पुढच्या वर्षी दुसऱ्या पियानिस्टला गेलं. तिला पुढचा ऑपेरा झेपेना तेव्हा मला परत बोलावलं. वॉल्टरला कुणी परत बोलावलं नाही.

त्याने आणखी काही ठिकाणी ऑडिशन्स दिल्या. प्रत्येक ठिकाणी आवाजाची स्तुती आणि मग शांतता. पुन्हा जर्मनीला जायचं तर वडील अंथरुणाला खिळलेले. शेवटी त्याने डोरथीच्याच शाळेत संगीत शिकवायला घेतलं. त्याची शिकवलेली मुलं पुढे चांगली गायली, तो चांगला शिक्षक होता, हे सगळं खरं आहे. पण त्यामुळे हिशोब मिटला असं जे म्हणतात त्यांच्याशी मला बोलायचं नाही. चांगला शिक्षक व्हायला त्याची हरकत नव्हती. त्याने टेनर असायला इतरांची हरकत होती. टेनरचा आवाज पिकण्याची काही वर्षं असतात. ती वर्षं त्याने चौथीच्या मुलांना टाळ्यांवर ताल शिकवण्यात घालवली. इथे केलेलं त्याचं एकही रेकॉर्डिंग नाही.

आना मोठी गायिका झाली. एकदा रेडिओवर तिची मुलाखत लागली होती. ती त्या दुपारची गोष्ट सांगत होती. छान सांगत होती. वॉल्टरचं नाव मात्र तिला आठवलं नाही. सुरेशने उठून रेडिओ बंद केला.

वॉल्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. सुरेशही गेला. डोरथी आणि मी अधूनमधून फोनवर बोलतो. एप्रिलमध्ये त्याच ऑपेरा कंपनीतून केली नावाच्या मुलीचा फोन आला. कंपनी आपल्या इतिहासाचं प्रदर्शन भरवते आहे, त्यात भिंतीवर वॉल्टरचं एक पॅनेल आहे, उद्घाटनाला मी आणि डोरथीने यावं, मी दोन मिनिटं बोलावं. "इट्स सच अ हार्टवॉर्मिंग स्टोरी," ती म्हणाली. मी डोरथीला विचारलं. ती म्हणाली, "जाऊन बघू तरी, काय म्हणतात ते."

मे महिन्यात माझ्या नातीने आम्हाला गाडीने नेलं. आम्ही लवकर पोचलो. लॉबीत अजून खुर्च्या मांडत होते. केली समोर आली. गोड, पोरसवदा, तिने डोरथीचा हात दोन्ही हातांत घेतला. मग आम्हाला भिंतीपाशी नेलं.

भिंतीवर पुरुषभर उंच चित्र होतं. वॉल्टर. तरुण, स्टेजच्या मधोमध, अंगावर नायकाचा कोट, चेहऱ्यावर सोनेरी प्रकाश, हात पसरलेले. खाली लिहिलं होतं, आमच्या रंगमंचावरचा लाडका टेनर, ज्याला या कंपनीने काळाच्या पुढे जाऊन संधी दिली.

डोरथीने चष्मा पुसला आणि जवळ जाऊन बघितलं.

"हा फोटो कुठे मिळाला?" तिने विचारलं.

केली म्हणाली, "आमच्याकडे त्यांचा त्या रोलमधला फोटो नव्हता. म्हणून त्यांच्या एका जुन्या फोटोवरून एआय वापरून करून घेतला. खूप रिअल आलाय ना?"

मी म्हणाले, "फोटो नव्हता, कारण हा कोट घालून त्याला स्टेजवर जाऊ दिलं नाही. अंगातला काढून घेतला. मी खोलीत होते."

केलीचा चेहरा उतरला. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिच्यावर माझा राग नाही, तिचा जन्मही त्यानंतरचा. राग याचा आहे की माणसाला जे नाकारलं ते तो मेल्यावर, फुकटात, कॉम्प्युटरवर काढून त्याच्या अंगावर चढवलं आणि खाली स्वतःची पाठ थोपटून घेतली.

डोरथी म्हणाली, "शोभला असता त्याला." मग शांतपणे, शिक्षिकेच्या आवाजात, "हे खाली काढा."

"मला वर विचारावं लागेल," केली म्हणाली. "लोक यायला लागतील आता."

"लोकांचं राहू दे," मी म्हणाले.

मी एक बाजू धरली. डोरथीने काठी नातीकडे दिली आणि दुसरी बाजू धरली. दोन म्हाताऱ्या, दोघींचे गुडघे बदललेले. चित्र वजनाला हलकं होतं, फोमचं. आमच्या हातून कोपरा निसटत होता तेव्हा केलीने तो धरला. कुणाला न विचारता. तिने ते चित्र आत नेलं आणि परत येताना डोरथीसाठी खुर्ची आणली.

लोक येऊ लागले. सगळ्या भिंतीभर चित्रं आणि मधे एवढी मोठी रिकामी जागा, त्यामुळे प्रत्येक जण तिथेच थबकत होता. एका नीटनेटक्या जोडप्याने डोरथीला विचारलं, "इथे काय होतं?"

"माझा नवरा," डोरथी म्हणाली. "पण तो इथे कधी नव्हताच. बसाल तर सांगते, का ते." आणि तिने शेजारच्या खुर्च्या ओढून घ्यायला खूण केली.